ओलमट कपडे, हुबुक पायरी आणि घरापुरते शब्द

वाचकांचे प्रश्न : भाषा आणि व्यवहार

या महिन्याच्या टपालात स्वतः घडवलेल्या शब्दांविषयीची पत्रे योगायोगाने बरीच होती. त्यांपैकी पाच येथे घेतली आहेत. साताऱ्याच्या पत्राला उत्तर देताना लेखणी जरा सैल सुटली आहे, ती वाचकांनी सांभाळून घ्यावी.

प्रश्न : स.न.वि.वि. आमच्या घरात काही शब्द असे आहेत की जे कोणत्याही कोशात सापडायचे नाहीत. पावसाळ्यात तीन दिवस दोरीवर राहूनही धड न वाळलेल्या कपड्यांना माझ्या सासूबाई ‘ओलमट’ म्हणत. आता आम्ही सगळेच म्हणतो. अंधारात जिना उतरताना पायऱ्या संपलेल्या असतात, पण अजून एक आहे अशा समजुतीने आपण पाय टाकतो आणि पोटात एकदम खड्डा पडतो. त्याला माझ्या मुलाने लहानपणी ‘हुबुक’ असे नाव दिले. तिसरा शब्द म्हणजे खरे तर गावाचे नाव आहे. एकदा नाशिकला निघताना आम्ही दार ओढून घेतले आणि किल्ली आतच राहिली. तेव्हापासून किल्ली आत राहणे म्हणजे आमच्याकडे ‘नाशिक होणे’. गेल्या वर्षी घरात सून आली. तिला ‘ओलमट’ न सांगता समजला, ‘हुबुक’ अर्धवट समजला आणि ‘नाशिक’ मुळीच समजला नाही. असे का व्हावे? मनाने तयार केलेला शब्द दुसऱ्याला आपोआप समजतो, की ती आपली भाबडी समजूत असते? (एक वाचक भगिनी, सातारा)

उत्तर : तुमच्या सूनबाईंनी नकळत एक चोख परीक्षा घेतली आहे. तिन्ही शब्द एकाच घरातले असले तरी ते तीन निराळ्या वाटांनी जन्माला आले आहेत, आणि समोरच्याला ते किती समजावेत हे त्या वाटेवरच ठरले आहे.

‘ओलमट’ नवा दिसतो खरा, पण त्यातला एकही तुकडा नवा नाही. ‘ओल’ तर तुमच्याकडच्या पावसाळ्यात भिंतीवर छातीपर्यंत चढलेली असते. उरलेल्या भागात ‘कोमट’ची चाहूल आहे, म्हणजे धड हे नाही आणि धड ते नाही. शिवाय शब्दाच्या शेवटी असलेला ‘अट’ हा मराठीतला जुना आणि कामसू प्रत्यय आहे. तेलकट, मळकट, धुरकट, कडवट, हिरवट हे शब्द एकापाठोपाठ एक म्हणून पाहिले तर ध्यानात येते की हा प्रत्यय गुणाचे प्रमाण तर सांगतोच, पण त्याबरोबर बोलणाऱ्याची नापसंतीही हळूच सांगून जातो. शेत हिरवेगार असले की आपण खूश असतो. टोमॅटो हिरवट निघाले की भाजीवाल्याशी वाद होतो. पोरासारखे वागणे गोड वाटू शकते, ‘पोरकट’ वागणे कोणाला गोड वाटल्याचे मी ऐकलेले नाही. याउलट ‘सर’ हा प्रत्यय निरागस आहे. लालसर, पिवळसर, ओलसर या शब्दांत तक्रार नसते. ‘ओलसर’ हा तयार शब्द हाताशी असताना सासूबाईंना दुसरा शब्द का घडवावा लागला, याचे उत्तर येथे आहे. ओलसर माती पेरणीला चांगली असते. परंतु तीन दिवस दोरीवर राहून, रात्रभर पंख्याखाली पसरून आणि शेवटी इस्त्रीखाली वाफ काढूनही जी चादर कुबट वासासकट तशीच राहते, तिच्याविषयीचा वैताग ‘ओलसर’मध्ये मावत नाही. सूनबाईंनी हा हिशेब मनात मांडला नसेल. ‘अट’चे शब्द ऐकत लहानाचे मोठे झालेल्या माणसाला तो मांडावा लागत नाही, इतकेच.

आपल्या शास्त्रकारांनी अशा शब्दांना ‘यौगिक’ म्हटले आहे : ज्यांचा अर्थ अवयव जुळवले की हाती येतो, ते शब्द. ज्यांचा अर्थ अवयवांतून निघत नाही आणि केवळ परंपरेने ठरलेला असतो, ते ‘रूढ’. या दोहोंच्या मध्ये ‘योगरूढ’ शब्द येतात आणि ‘पंकज’ हे त्यांचे नेहमीचे उदाहरण आहे. चिखलात कितीतरी गोष्टी जन्मतात, पण पंकज म्हणजे कमळच. याखेरीज ‘यदृच्छाशब्द’ म्हणून एक वर्ग आहे, म्हणजे कोणी तरी मनास येईल तसे ठेवलेले नाव. ‘डित्थ’ आणि ‘डवित्थ’ ही त्याची जुन्या ग्रंथांतली उदाहरणे. ती पाहिली की वाटते, पंडितांनाही निरर्थक शब्द बनवताना मजा येत असावी. ‘ओलमट’ पहिल्या वर्गात बसतो. ‘नाशिक’चे पुढे पाहू. ‘हुबुक’ मात्र यांपैकी कोठेच नीट बसत नाही, कारण तो अवयवांनी घडलेला नाही आणि नुसता मनास आला म्हणून ठेवलेलाही नाही. तो कानाने घडवलेला आहे.

शब्दाचा अर्थ आणि त्याचा आवाज यांत काही नाते असते का, हा वाद फार जुना आहे, परंतु त्यावरचे प्रयोग मात्र मजेचे आहेत. १९२९ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोहलर यांनी एक वळणदार आणि एक काटेरी अशा दोन आकृत्या दाखवून ‘टाकेटे’ कोणती आणि ‘बालुबा’ कोणती असे विचारले होते. काटेरी आकृतीला ‘टाकेटे’ म्हणण्याकडे लोकांचा कल दिसला. २००१ मध्ये व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी हाच खेळ ‘बूबा’ आणि ‘किकी’ या शब्दांनी पुन्हा मांडला आणि तो जगभर गाजला. पुढे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५ भाषांच्या ९१७ भाषकांना हा प्रश्न विचारला गेला, तेव्हा गोलाशी ‘बूबा’ आणि टोकदाराशी ‘किकी’ जुळवणारी उत्तरे सुमारे ७२ टक्के आली. मराठी माणसाला याचे फार आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. ‘गुळगुळीत’ आणि ‘खडबडीत’ हे शब्द मराठी न येणाऱ्या पाहुण्यासमोर म्हणावेत आणि एका हातात नदीतला गोटा, दुसऱ्या हातात नारळाची करवंटी देऊन कोणता शब्द कोणाचा ते विचारावे. माझी पैज पाहुण्याच्या बाजूने आहे.

मात्र यावरून आवाजातच अर्थ दडलेला असतो असे समजू नये. चिमुकला, पिटुकला, इवलासा, चिमूटभर, टीचभर हे इकाराने भरलेले शब्द लहान गोष्टींसाठी आणि ढब्बू, भोपळा, अगडबंब, गलेलठ्ठ हे मोठ्यांसाठी, असे पाहून सिद्धान्त पक्का झाल्यासारखा वाटतो. तोच ‘लहान’ हा शब्द चांगला मोठा ‘आ’ करून पुढे येतो, आणि जंगलातल्या सर्वांत मोठ्या प्राण्याच्या नावाच्या शेवटी नेमकी ‘ई’ असते. माझ्या मते आवाजाचा जो काही अर्थ आपल्याला जाणवतो, त्यातला थोडा निसर्गाचा असतो आणि पुष्कळसा आपल्याच भाषेने लावलेल्या सवयीचा असतो. खरखर, खरडणे, खरचटणे, खरवडणे, दुधाच्या पातेल्यातली खरवड, अंगणातला खराटा, घोड्याचा खरारा : हे सगळे शब्द एका मुळातून आलेले असतीलच असे नाही, पण कानाला ते सख्खे भाऊ वाटतात. आता मी उद्या ‘खरबाटणे’ असा शब्द काढला, तर ऐकणाऱ्याला काही तरी घासले किंवा सोलले गेले असे वाटेल, आणि ते ‘ख’ व ‘र’ यांच्या अंगच्या गुणापेक्षा या भाऊबंदांमुळे वाटेल.

आता ‘हुबुक’ या नजरेने पाहा. मराठीत आवाजाचे शब्द जोडीने आले की क्रिया पुनःपुन्हा घडते आणि शेवटी ‘क’ आला की ती एकदाच आणि अचानक घडते. ‘टपटप’ म्हणजे पुष्कळ थेंब, ‘टपकन’ म्हणजे एकच. पटकन, झटकन, धपकन, टुणकन, गपकन, इतकेच काय ‘दचकणे’सुद्धा, याच चालीचे आहेत. तुमच्या मुलाने ‘हुबुहुबु’ न म्हणता ‘हुबुक’ म्हटले, म्हणजे ही गोष्ट एकदाच घडते आणि तेथेच संपते हे त्याने शब्दात पक्के केले. आरंभीचा ‘ह’ सुटलेल्या श्वासाचा आहे आणि मधला ‘बु’ बुडण्याच्या, बुडबुड्याच्या नात्यातला आहे. इतके सगळे असूनही शब्दात पायरी मात्र कोठेच नाही. मी हा शब्द आमच्या घरी अर्थ न सांगता विचारून पाहिला. धाकटी बहीण म्हणाली, ‘उचकी असेल.’ शेजारचा मुलगा म्हणाला, ‘विहिरीत कळशी बुडते तेव्हा.’ दोघांनाही खाली जाणे, एकदाच होणे आणि श्वास अडकणे यांपैकी काही ना काही ऐकू आले. जिना कोणालाच ऐकू आला नाही. सूनबाईंना हा शब्द ‘अर्धवट’ समजला असे तुम्ही लिहिता, तो अर्धवटपणा नेमका हाच असावा. आवाज भाव पोचवतो, विषय पोचवत नाही. (त्याच दिवशी ‘ओलमट’ विचारला, तेव्हा आमच्या कामाच्या मावशी मागे न वळताच म्हणाल्या, ‘कपडे ना? आमच्याकडे तर चादरीसुद्धा.’)

‘नाशिक होणे’ हा प्रकार पूर्ण वेगळा आहे. शब्द सर्वांच्या ओळखीचा, अर्थ मात्र फक्त त्या दिवशी दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसांच्या ओळखीचा. त्याला तर्काने कोणी पोचू शकत नाही. पोचायचे तर ती हकीकत कोणी तरी सांगावी लागते. घरोघरी असे शब्द असतात आणि नव्या सुनेला किंवा जावयाला त्यांची हकीकत सांगितली जाते, त्या दिवशी ते माणूस खरोखर घरचे होते असे मला वाटते. काही वेळा तर न समजणे हाच शब्दाचा हेतू असतो. व्यापाऱ्यांच्या नंदभाषेत उधानू म्हणजे तीन, पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच. गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायचा आणि गिऱ्हाइकाला कळू द्यायचा नाही, यासाठीच ती होती. मुलांची ‘च’ची भाषा त्यापेक्षा सौम्य. ‘काय’चे ‘चयका’ करण्याची युक्ती एकदा सापडली की आजोबाही ती बोलू लागतात आणि मुलांना दुसरी भाषा शोधावी लागते.

एक गोष्ट मात्र सूनबाईंच्या बाजूने आणि परीक्षेच्या विरुद्ध नोंदवली पाहिजे. ‘ओलमट’ हा शब्द त्यांनी बहुधा सुटा ऐकला नसणार. ‘अगं, हे अजून ओलमटच आहेत, आतल्या दोरीवर टाक,’ असे वाक्य आणि हातात गार लागणारा सदरा, असे दोन्ही एकदम मिळाले असतील. त्यामुळे ज्याला आपण उपजत समज म्हणतो, तिच्यात वाक्याचा आणि प्रसंगाचा वाटा बराच मोठा असतो. ‘स्थळ चांगले आहे हो, पण मुलाकडचे जरा ओलमटच बोलले,’ असे उद्या कोणी म्हटले, तर कपड्यांचा संबंध नसतानाही ऐकणाऱ्याला त्यातला थंडपणा लगेच कळेल.

प्रश्न : ‘आगगाडी’ हा नवा शब्द लोकांनी सहज उचलला, मग ‘भ्रमणध्वनी’ का उचलला नाही? दोन्ही शब्द अर्थाने तितकेच स्पष्ट आहेत. (एक निवृत्त शिक्षक, नागपूर)

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे आणि त्यातून निघणारा निष्कर्ष असा की शब्द समजणे आणि शब्द तोंडी बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘भ्रमणध्वनी’ न समजलेला मराठी माणूस मला आजवर भेटलेला नाही. तो शब्द बोलण्यात वापरणारा माणूसही क्वचितच भेटला आहे. लग्नपत्रिकेच्या तळाशी आणि कार्यालयीन पत्रांच्या शिरोभागी तो सुखाने राहतो.

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी गाडी धावू लागली तेव्हा ती वस्तू लोकांना नवी होती आणि तिचे इंग्रजी नाव बहुतेकांना परके होते. ‘आग’ आणि ‘गाडी’ हे दोन्ही शब्द मात्र घरचे होते, आणि डोळ्यांना जे दिसत होते नेमके तेच त्यांत होते. त्याच चालीवर आगबोट आली, आगपेटी आली. ‘भ्रमणध्वनी’ येईपर्यंत मात्र ‘मोबाइल’ हा शब्द वस्तूबरोबरच, तिच्या खोक्यावर छापलेला, घरात येऊन बसला होता. भरलेल्या जागेवर रुमाल टाकणाऱ्याची एसटीत जी स्थिती होते, ती या शब्दाची झाली. त्यातून तो आरंभीच ‘भ्र’सारखे जोडाक्षर घेऊन आलेला, आणि ‘माझा भ्रमणध्वनी कुठे ठेवलास?’ हे वाक्य कोणत्याही घरात गंभीरपणे म्हणता येत नाही.

ही अडचण आजची नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला आणि त्यात सुमारे १४०० फारसी-अरबी राज्यव्यवहाराच्या शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. अष्टप्रधानांची पदेही तशीच बदलली : मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत, आणि पेशव्याचा पंतप्रधान. राजाची आज्ञा, विद्वानांचे श्रम आणि शब्दही सुबक. तरीही पुढची शंभर वर्षे आणि अधिक काळ लोक ‘पेशवे’च म्हणत राहिले. गंमत अशी की पुढे स्वतंत्र भारतात पद नवे निर्माण झाले, त्यासाठी मराठीला शब्द हवा होता, आणि तेव्हा ‘पंतप्रधान’ कपाटातून निघून असा काही रुळला की त्याचा मूळ संदर्भ आज फारसा कोणाला आठवतही नाही. शब्दात काही बदल झाला नव्हता. त्याच्यासाठी जागा रिकामी झाली होती.

सावरकरांनी रूढ केलेल्या शब्दांपैकी ‘महापौर’ आणि ‘हुतात्मा’ यांचे यश मला याच कारणाने झाले असे वाटते. ‘हुतात्मा’ने तर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर मुंबईच्या चौकालाच नाव दिले. रेडिओसाठी ‘नभोवाणी’ हा शब्द मराठीत होता, परंतु ‘आकाशवाणी’ने त्याला मागे टाकले. १९३५ मध्ये म्हैसूरच्या केंद्रासाठी एम. व्ही. गोपालस्वामी यांनी हे नाव योजले, पण खरे तर त्यांनी शब्द घडवला नाही, जुन्या शब्दाला नवी नोकरी लावून दिली. कंसाने ऐकलेली आकाशवाणी कथाकीर्तनांतून सर्वांना ठाऊक होती : बोलणारा दिसत नाही आणि वरून आवाज येतो. रेडिओचे याहून नेमके वर्णन आणखी कोणते असणार?

आणि जे शब्द कोणीच ठरवून घडवले नाहीत त्यांचे पाहा. मोटारसायकलला ‘फटफटी’ म्हणणाऱ्या पहिल्या माणसाचे नाव कोणाला माहीत नाही. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे प्रवाशांनी खच्चून भरलेल्या जीपला ‘वडाप’ म्हणतात. बाहेरच्या माणसाला या शब्दातून काहीही बोध होत नाही, पण फाट्यावर दहा मिनिटे उभे राहिले की तो कोणी न शिकवता शिकला जातो. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच म्हटले आहे की घट हवा असलेला माणूस कुंभाराच्या घरी जाऊन ‘घट कर’ म्हणतो, पण शब्द हवा असलेला माणूस वैयाकरणाच्या घरी जाऊन ‘शब्द कर’ असे म्हणत नाही. पदनामे आणि परिभाषा यांच्यासाठी आपल्याला कुंभार लागतात, हे मी मान्य करतो. त्यांच्याशिवाय कायदा आणि विज्ञान मराठीत लिहिताच येणार नाही. फक्त त्यांनी घट करताना विहिरीवर पाणी भरायला कोण जाते, हे एकदा पाहून यावे.

प्रश्न : ‘चहाबिहा’मधला ‘बिहा’ हा शब्द मानावा काय? (एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : सुटा मानू नये, कारण ‘मला बिहा द्या’ असे कोणी म्हणत नाही. पण तो घडवण्याचा नियम मात्र पूर्ण जिवंत आहे : पहिले अक्षर काढून त्या जागी ‘बि’ ठेवायचा आणि ‘व त्यासारखे इतर काही’ असा अर्थ मिळवायचा. पुस्तकबिस्तक, पाणीबिणी, भाजीबिजी यांप्रमाणेच ‘वायफायबियफाय’ हा शब्द मी आत्ता प्रथमच लिहिला असला, तरी तुम्हाला तो अडला नसणार. ज्यांना शब्द घडवता येत नाहीत असे वाटते, तेही दिवसातून दहा वेळा या रीतीने शब्द घडवतात. ‘बिस्किट’ या शब्दापाशी मात्र सर्वांचीच गाडी अडखळते.

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला राहतो. माझी साडेचार वर्षांची मुलगी घरात मराठी बोलते, पण ‘मी जंपले’, ‘मी दार ओपनलं’, ‘बाबा मला टिकलतो’ असे शब्द स्वतःच तयार करते. भारतातून आलेल्या तिच्या आजीला सगळे समजते आणि तिला हसू येते. मला मात्र काळजी वाटते. हे दुरुस्त करावे का? (एक आई)

उत्तर : काळजी करू नका, आणि त्याआधी मुलीची दोन वाक्ये पुन्हा एकदा नीट ऐका. स्वतःविषयी सांगताना ती ‘जंपले’ म्हणते, ‘पडले’ आणि ‘बसले’ यांच्याप्रमाणे. दाराविषयी सांगताना मात्र ती ‘ओपनलं’ म्हणते. म्हणजे येथे क्रियापद तिच्याशी जुळत नाही, नपुंसकलिंगी दाराशी जुळते. तिला खिडकीविषयी विचारून पाहा. ‘मी खिडकी ओपनली’ असे उत्तर आले, तर मोठेपणी मराठी शिकणाऱ्यांना वर्षानुवर्षे छळणारा कर्मणी प्रयोग तिच्या जिभेवर आलेला आहे असे समजावे. धातू तेवढा परका आहे, आणि तोही तिच्या शाळेतल्या दिवसातून आलेला आहे.

अमेरिकेत जीन बर्को या संशोधिकेने १९५८ मध्ये लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून ‘हा वग’ असे सांगितले आणि मग दोन प्राणी दाखवून ‘हे दोन काय?’ असे विचारले. आयुष्यात प्रथमच ऐकलेल्या त्या शब्दाला मुलांनी इंग्रजीच्या नियमाप्रमाणे अनेकवचनाचा ‘ज’ लावला. मूल ऐकलेलेच बोलते असे नाही, ऐकलेल्यातून नियम काढते आणि मग बोलते, हे त्यातून दिसले. महाराष्ट्रात वाढणारी मुलेही ‘मी करलं’ म्हणतातच. ‘करलं’ त्यांना कोणी शिकवलेले नसते. ‘बसलं’, ‘पडलं’ यांच्या हिशेबाने ते बरोबरच असते आणि चूक असलीच तर ती ‘केलं’ची असते.

आजीला हे शब्द समजतात, कारण तिच्याकडे दोन्ही किल्ल्या आहेत. इंग्रजीचा गंध नसलेल्या एखाद्या आजीला इतके कळेल की मुलीने काही तरी केले, स्वतः केले, आणि ते करून झाले. काय केले ते मात्र कळणार नाही. वरच्या पत्रातल्या ‘हुबुक’ची जी अडचण आहे, तीच येथे व्याकरणाच्या बाजूने दिसते. मराठीने फारसीकडून धातू घेताना असेच केले होते; बदलणे, फर्मावणे, गुजरणे, आजमावणे हे शब्द आज आपल्याला अस्सल मराठी वाटतात.

तेव्हा तिला थांबवून शब्द सुधारू नका. ‘मी जंपले’ असे ती म्हणाली की ‘हो का? केवढी मोठी उडी मारलीस?’ असे विचारा, आणि ‘टिकलतो’ म्हणाली की ‘बाबा गुदगुल्या करतो का? थांब, आपण त्यालाच करू’ असे म्हणा. गुदगुल्या हा शब्द एकदा कानावर पडला की ‘टिकलणे’ त्याच्यापुढे फार दिवस टिकेल असे मला वाटत नाही.

प्रश्न : माझ्या कथेत मी ‘रस्ता दुपारला होता’ असे वाक्य लिहिले. एका मासिकाच्या संपादकांनी हा शब्द अवतरणचिन्हांत टाकून पुढे कंसात अर्थ द्यावा असे सुचवले. मी काय करावे? (एक तरुण लेखक, ठाणे)

उत्तर : अवतरणचिन्हे घालू नका आणि कंस तर मुळीच नको. घडवलेल्या शब्दाला चिन्हांत उभे केले की तो पाहुण्यासारखा अवघडून बसतो आणि वाचकही त्याच्याकडे संशयाने पाहतो. ‘उजाडले’ आणि ‘सांजावले’ ज्याला समजते, त्याला तुमचे वाक्य अडणार नाही, विशेषतः त्याच परिच्छेदात मिटलेली दुकाने आणि सावलीला पडलेली कुत्री असतील तर. माझी शंका वेगळी आहे. थंडावणे, मंदावणे, सुस्तावणे, ओलावणे या शब्दांतला ‘आव’ एखादी अवस्था हळूहळू अंगावर चढत गेल्याचे सांगतो, आणि दुपारही रस्त्यावर तशीच चढते. म्हणून मी ‘रस्ता दुपारावला होता’ असे लिहिले असते. शिवाय ‘दुपारला’ हा छापखान्याचा दोष समजून मुद्रितशोधक त्याचे ‘दुपारी’ करून टाकण्याचा संभव आहे, आणि मग तुमच्या कथेतला रस्ता नुसताच ‘दुपारी होता’ असे वाचावे लागेल.